अॅम्प्लिफायरशेजारची खुर्ची

भजनी मंडळाने पेणहून दोन नवे स्पीकर आणले आणि महिपतीच्या खुर्चीचा पाय डळमळला.

खुर्ची प्लॅस्टिकचीच होती, पण ती अॅम्प्लिफायरशेजारी असे. धरमतरच्या खाडीकाठच्या त्या गावात तीस वर्षं महिपती तिच्यावर बसून बटण पिळी, डोळे मिटी आणि अंगठा वर करी. तोवर बुवा तोंड उघडत नसत. कोणत्या स्पीकरला कोणता अॅम्प्लिफायर, हे तो कानाने ठरवायचा.

या वेळी रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा त्याचा पुतण्या सुजय सुट्टीला आला, तो मीटर आणि नवा अॅम्प्लिफायर घेऊनच. दोन्हीकडचे ओहम जुळले की झालं, कानाचा काय संबंध, असं त्याचं म्हणणं.

"काका, लग्न जमवताना पत्रिका बघतात ना? तसंच हाय हे."

"तुझ्या काकीची कुठं बघितली व्हती? जेट्टीवर मासळीसाठी भांडताना आवाज ऐकला, नि घरी येऊन सांगितलं, हीच."

नव्या स्पीकरना जुनाच अॅम्प्लिफायर की सुजयचा नवा, हा वाद पाच दिवस चालला. उत्सव तोंडावर आलेला. शेवटी मंडळाचे अध्यक्ष दत्तात्रेय यांनी तोडगा काढला. महिपतीच्या घरात दोन्ही अॅम्प्लिफायर ठेवायचे, दाराला साडीचा पडदा, दाराच्या दोन्ही अंगांना स्पीकर. आतून महिपतीची बायको विमलबाई माइकवर आकडे म्हणेल, एकदा एकावर, एकदा दुसऱ्यावर. आधी कोणता लावायचा ते तिच्या मर्जीवर. कोणता कधी वाजला हे जो बरोबर सांगेल, खुर्ची त्याची.

सकाळी दहाला अंगणात अर्धा गाव जमला. सुजयने स्पीकरच्या तारांना मीटर लावून पाहिलं. बरोब्बर आठ ओहम. मग त्याने आवाज मोजायला मोबाइल समोर धरला. महिपतीने कानात करंगळी फिरवून घेतली.

"आवं, जरा ऐका, ती लाइट..." आतून विमलबाईचा आवाज आला.

"मधी काय बोलू नको गो," महिपती गरजला. "फक्त आकडं."

मग एक ते दहा आकडे असे कडाडले की कुंपणावरचे कावळे उडाले. थोड्या वेळाने दुसरी फेरी झाली. ती जरा दबकी आली, कारण तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि विमलबाईने दाराकडे पाठ केली होती. हे अर्थात अंगणात कोणाला दिसलं नाही.

"पयला माझा," महिपती डोळे मिटूनच म्हणाला. "काय गोडवा! यंत्र मधी हाय असं वाटलंच नाय. दुसरा ह्याचा. घशात लाडू अडकल्यागत."

सुजयने मोबाइल सगळ्यांना दाखवला. पहिला शहाऐंशी डेसिबल, दुसरा एकाहत्तर. म्हणजे पहिला नवा, दुसरा जुना. आकडा खोटं बोलत नाही.

"वयनी, आता तुमी सांगा," दत्तात्रेय म्हणाले.

विमलबाई पिठाच्या हातांनी पडद्याबाहेर आली. "कंचाच नाय वाजला. पयल्या आकड्याआधीच लाइट गेली. सांगाया गेले तर ह्यांनी गप केलं."

सगळ्यांनी वळून ओटीवरच्या पंख्याकडे पाहिलं. त्याची पाती मोजता येत होती.

"मीटरला सेल असतात," सुजय पुटपुटला. "मोबाइल पण चार्ज होता."

"मी गोडवा बोललो," महिपती म्हणाला. "ते काय चुकलं नाय."

दत्तात्रेय नियमाला पक्के. कोणता कधी वाजला, याचं बरोबर उत्तर एकाच माणसाने दिलं होतं.

उत्सवाला मंडप भरला. विमलबाई नवी साडी नेसून खुर्चीत बसली. डावीकडे महिपती कान घेऊन, उजवीकडे सुजय मीटर घेऊन. तिने बटण पिळलं, डोळे मिटले. बुवा तोंड मिटून थांबले.

महिपतीला राहवेना. तो वाकून हळूच म्हणाला, "गो, थोडासा..."

"मधी काय बोलू नका," विमलबाई डोळे न उघडता म्हणाली. "फक्त अंगठा बघा."