इंगळे काकाजी समुद्र तपासतात

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी शेजारी इंगळे काकाजींकडे गेलो, तेव्हा मी हातात दिलेली पत्रिका त्यांनी बाजूला ठेवली. माझ्या पिशवीत हात घातला, गठ्ठ्याच्या बरोब्बर पोटात बोटं खुपसली आणि तिथली एक ओढून काढली. चष्मा लावला, तारीख वाचली, मुहूर्त वाचला. मग दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. "सारखंच हाये," म्हणाले, आणि तेही जरा नाराजीनंच. आता लग्नपत्रिकेत वरचा माल वेगळा आणि आतला वेगळा कोण भरतो, मला सांगा! पण काकाजींना कोणी सांगावं?

काकाजी जन्मभर कापसाचे ग्रेडर होते. धामणगाव रेल्वे या गावी खरेदीवर बसायचे. कापसाची गाडी आली की वर पांढरंधोप आणि खाली ओलं नाहीतर डागी, हा खेळ त्यांनी इतका पाहिला की गाडीवाला "राम राम" म्हणायच्या आत यांचा हात बगलेपर्यंत कापसात गेलेला असायचा. आतला मूठभर कापूस काढायचा, चिमटीत धागा ओढून लांबी पाहायची, सरकी दाताखाली फोडून ओल पाहायची आणि मगच तोंड उघडायचं. "वरचं मले नका दाखवू," हे त्यांचं पेटंट वाक्य. "मंधातलं काढा."

रिटायर होऊन अमरावतीला राजापेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले, पण हात काही रिटायर झाला नाही. केळीच्या घडातलं मधलं केळ, पंगतीत भाताच्या पातेल्याच्या मधला भात, पेपरवाल्याच्या चळतीतला मधला पेपर. एकदा डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी दिली तर मधली गोळी आधी खाल्ली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण त्यांची मुलगी वैशू माझ्या विज्ञानाच्या ट्युशनला यायची, आणि काकाजी समोरच्या पानठेल्याशी स्कूटर लावून पूर्ण तासभर उभे राहायचे. घरी गेल्यावर तिच्या वह्यासुद्धा मधूनच उघडायचे. पुढं कॉलेजात ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली तरी दहा मिनिटांनी हे तिथं हजर. "सहज आलो," म्हणायचे. त्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो. राग यायचा मला, खोटं कशाला सांगू? पण शेजाऱ्याला बोलणार काय! काकू होत्या तोवर त्या मधे पडायच्या. त्या गेल्या आणि वैशूनं समुद्री जीवशास्त्र शिकायला जे घर सोडलं ते सोडलंच. शेवटी पोचली कुठं, तर अंदमानच्या एका बेटावर. तिथं प्रवाळ वाचवायचं काम चालतं. हौशी माणसं आठ दिवस सुटीला येतात, पाण्यात उतरून प्रवाळ आणि मासे पाहतात, मोजतात, लिहून ठेवतात. वैशू त्यांना घेऊन फिरते.

"मासे मोजते," काकाजी मला म्हणाले. "मास्तर, मासे मोजाले कोणी माणूस ठेवते का? काहीतरी गडबड हाये."

तीन वर्षं ही गडबड त्यांच्या पोटात होती. मग अकोल्याच्या एका कॉलेजातून वैशूला बोलावणं आलं. पक्की जागा, बडनेऱ्याहून गाडीनं रोज जाऊन-येऊन करता येईल अशी. अर्ज अर्थात काकाजींनीच भरला होता. महिनाअखेर हो की नाही कळवायचं होतं. वैशूचा फोन आला, "बाबा, आधी इथं येऊन एकदा पाहा तर खरं, मग बोलू."

"पाहतोच," काकाजी म्हणाले. "दुकान खोटं निघालं तं पोरीले संग घेऊनच येतो. तुमी चाला, मास्तर. साक्षीदार पायजे."

मी गेलो. का गेलो ते विचारू नका. एक तर मला सुटी होती, आणि दुसरं म्हणजे हा माणूस तिथं एकटा गेला तर पोरीचं काय होईल याची मला धास्ती होती.

विमानात हवाईसुंदरीनं सांगितलं की जीवरक्षक जॅकेट सीटखाली आहे. सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं. काकाजी खाली वाकले, गुडघ्यावर बसले, आणि जॅकेट बाहेर काढून डोक्यावर धरून ओरडले, "हाये! खरंच हाये!" मागच्या रांगेतल्या दोघांनी आपापली तपासली. मग त्यांच्या मागच्यांनी. पाच मिनिटांत अर्धं विमान ओणवं झालं. मी खिडकीबाहेर ढग पाहत बसलो, आमची ओळख नसल्यासारखा.

बेटावर धक्क्याशी वैशू उभी होती. उन्हानं काळी झालेली, केस कापलेले, चेहऱ्यावर हसू. काकाजींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "वाळली," म्हणाले. तिनं पाया पडून त्यांची पिशवी घेतली. हे पिशवी सोडेनात. शेवटी दोघांनी एक-एक बंद धरला आणि चालू लागले.

तिच्यासोबत नवाबभाई म्हणून नावाडी होते, पन्नाशी उलटलेले, शांत. त्यांनी किनाऱ्यावरचा चालता शंख दाखवला. आत खेकडा राहतो म्हणाले.

"शंख चालून राह्यला?" काकाजींनी डोळे बारीक केले. "खाली दोरी हाये." आणि दोरी शोधायला शंख उचलून त्यात बोट घातलं. पुढचं सांगायला नको. बोटाला पट्टी बांधताना नवाबभाई म्हणाले, "चाचा, अंदर कोई रहता है, बोला था ना." काकाजी म्हणाले, "बोला था. लेकिन बोलने से क्या होता है?"

मग वाळू. इतकी पांढरी वाळू असूच शकत नाही, ही ट्रकनं आणून टाकली असणार, असं त्यांचं मत पडलं. चिमूटभर घेतली, बोटात चोळली आणि सरकीसारखी दाताखाली फोडली. "खारट हाये. इथलीच असन," असा निकाल दिला. संध्याकाळी वैशूनं आठ-दहा पाहुण्यांना बसवून माहिती सांगितली की पोपटमासा प्रवाळ खातो, आणि तो जे मागून बाहेर टाकतो तीच ही पांढरी वाळू. काकाजींनी ओठ पुसले. मग सावकाश माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, हे अमरावतीले सांगू नका." (सांगितलं. माफ करा काकाजी.)

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरायचं होतं. काकाजींना पोहता येत नाही. धामणगावच्या माणसाला समुद्र कशाला लागतो! वैशूनं त्यांना जॅकेट चढवलं, चष्मा लावला, तोंडात नळी दिली. ही नळी त्यांनी आरपार पाहिली, फुंकली, उलटी करून झटकली. मग गुडघाभर पाण्यात वैशूनं त्यांच्या पोटाखाली दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाबा, अंग सोडा. मी धरलं आहे."

"सोडशीन तं नाई?"

"नाही सोडत."

अर्धा तास लागला. पण अंग सोडलं. आणि मग त्या दोघांच्या मागोमाग मीही तरंगत गेलो, तेव्हा खाली जे दिसलं ते काय सांगू बुवा! हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ, मेंदूसारखं प्रवाळ, जांभळं, पिवळं, आणि त्यात हे निळे मासे, थव्याच्या थव्यानं. एक शेंदरी मासा तर घरातून बाहेर यायचा, आम्हाला पाहायचा आणि पुन्हा आत जायचा. मी शिक्षक माणूस, चित्रात शंभरदा दाखवलेलं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्म्याच्या आत.

काकाजी बोटीत आले. मला वाटलं, चला, विरघळला एकदाचा.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "म्हणूनच संशय येते. येवढं चांगलं बरोबर बोटीसमोरच कावून? वरचं मले नको दाखवू, वैशू. मंधातलं दाखव." आणि त्यांनी बेटाच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं. "दोन दिवसांपासून पाहून राह्यलो. बोट तिकडं जातच नाई."

नवाबभाई घाईनं म्हणाले, "उधर कुछ नहीं है, चाचा."

झालं! "कुछ नहीं है" हे शब्द कापसाच्या ग्रेडरसमोर उच्चारायचे नसतात. खोटं कशाला बोलू, आता मलाही शंका यायला लागली. वैशूचा चेहरा पडला होता. ती आपल्या बापाकडे बघत होती, आणि ट्युशनच्या बाहेर स्कूटर दिसल्यावर दिसायचा तोच चेहरा मला दिसला. आता हा माणूस हिचं काहीतरी पकडणार आणि पोरगी कायमची तुटणार.

"चला," वैशू म्हणाली. "दाखवते."

तिथं खाली राख होती. दुसरा शब्द नाही. पाण्यात लोखंडी चौकटी रोवलेल्या, त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे, सगळे करडे, त्यावर शेवाळ. मासा एकही नाही. काकाजींनी बराच वेळ पाहिलं आणि वर आले.

"हे कोणी लावलं?"

"मी," वैशू म्हणाली. "दोन वर्षं लावत होते. तुकडा तुकडा हातानं बांधला. मागच्या उन्हाळ्यात पाणी तापलं. आधी पांढरं पडलं, मग मेलं. पाहुण्यांना आणत नाही आम्ही इकडं. मलाच पाहवत नाही, बाबा."

"कागदावर काय लिहिलं?"

कॅम्पवर येऊन तिनं वही पुढं केली. काकाजींनी वही मधूनच उघडली, सवयच ती. पण मग मागं जात जात पहिल्या पानापर्यंत आले आणि तिथून पुन्हा ओळीनं वाचत गेले. मी खांद्यावरून पाहिलं. चौकट एक, मृत. चौकट दोन, मृत. अशी खालपर्यंत. लावणारी, वैशाली इंगळे. मोजणारी, वैशाली इंगळे. नवाबभाई हळूच म्हणाले की वरून आलेल्या एका साहेबांनी सुचवलं होतं, 'काही भाग जिवंत' लिहा, दिसायला बरं दिसतं. मॅडम ऐकल्या नाहीत. महिनाभर भांडण चाललं.

काकाजींनी वही मिटली. धामणगावला त्यांनाही एकदा असंच कोणी सांगितलं होतं, ओल्या कापसाला पहिली प्रत लिहा म्हणून. त्यांनी लिहिली नाही आणि पाच वर्षं घरापासून लांब बदली भोगली. हे मला काकूंनी सांगितलं होतं, यांनी स्वतः कधीच नाही. आत्ताही नाही सांगितलं. फक्त वैशूकडे वही देताना म्हणाले, "अक्षर सुधरव." आणि बाहेर जाऊन एका नारळाखाली एकटेच बसले. जेवायला बोलवलं तर भूक नाही म्हणाले. काकाजी भूक नाही म्हणाले!

उरलेले दिवस ते रोज पाण्यात उतरले आणि पाटीवर मासे मोजून लिहू लागले. कोणावर संशय घेईनात. मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

शेवटच्या दिवशी दुपारी धक्क्यावर आम्ही बोटीची वाट पाहत बसलो होतो. वैशू सोबत होती. काकाजींनी समुद्राकडे पाहतच विचारलं, "वैशू, एक विचारू का? खरं सांगशीन?"

"विचारा."

"तू माह्यामुळं गेली का घरून?"

मी उठायला लागलो. त्यांनी माझा शर्ट धरून खाली बसवलं. वैशूनं 'नाही हो बाबा' म्हणून टाकणं किती सोपं होतं! मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण ना पोरी, म्हणून टाक.

"हो," ती म्हणाली. "तेव्हा तुमच्यामुळंच गेले. तुम्ही कधी विश्वासच नाही ठेवला माझ्यावर. जितकं लांब जाता येईल तितकं गेले. आता मात्र तुमच्यामुळं नाही राहत. आता हे काम सोडवत नाही."

काकाजींनी मान हलवली. दोनदा, तीनदा.

"मले वाटतच होतं," म्हणाले. "तीन वर्षांपासून थेच वाटून राह्यलं होतं. दुसरं काईच नाई. मासे-बिशे सारा बहाणा होता." मग म्हणाले, "चुकलं माहं. तुही माय सांगे, मी ऐकलं नाई. अकोल्याले मी कळवतो नाई म्हणून."

"मी कळवीन, बाबा."

"हो. तूच कळव."

बोट लांबवर दिसायला लागली. काकाजी उठले, परत बसले. "तुही थे यादी राह्यते ना, मोजाले येनाऱ्या लोकांची? पुढच्या साली माहं नाव लिही त्याच्यात. जागा असली तं. तुहा बाप म्हणून नको लिहू. मोजनारा म्हणून लिही."

वैशूनं पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवून नाव लिहिलं. डोळे पुसले. "किती दिवस लिहू?"

"घरी माही वाट पाहणारं कोणी नाई आता," काकाजी म्हणाले. "तुले जितके झेपतीन तितके लिही."

वैशूनं एक महिना लिहिला.