साडेनऊ बोटांचा सुरक्षाप्रमुख

डब्यांची झाकणे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात अकरा कामगार होते आणि त्यांची मिळून एकशे साडेनऊ बोटे होती. कमी पडणारे अर्धे बोट प्रेसवाल्याचे. अडकलेले झाकण काढायला त्याने उजवा हात प्रेसच्या ठोकळ्याखाली घातला आणि पेडलवरचा पाय उचलायचा विसरला. त्या दिवसापासून कारखान्यात सगळे त्याला साडेनऊ म्हणू लागले, आणि तोही ओ देऊ लागला.

बायकोला मात्र त्याची सवय झाली नाही. तो घरी आला की चहा देण्याआधी ती म्हणायची, "दाखवा." मग अंगठ्यापासून मोजायला सुरुवात. साडेनऊ भरली की कप हातात मिळायचा.

घडल्या प्रकाराची गंभीर दखल घेऊन सुरक्षा खात्याने पत्र पाठवले, आणि पत्राची गंभीर दखल घेऊन मालकांनी सामान आणले. हातमोजे, चष्मे, आग विझवायचे लाल नळकांडे, मलमपट्टीची सीलबंद पेटी आणि प्रेसला पुढून लावायची लोखंडी जाळी. जाळी लावली की हात आत जाऊच शकत नव्हता. सामान ठेवायला काचेचे कपाट आले, कपाटाला कुलूप आले आणि किल्लीसाठी एक जबाबदार माणूस हवा झाला.

"तूच सुरक्षाप्रमुख," मालक साडेनऊला म्हणाले. "तुला अनुभव आहे."

साडेनऊची छाती फुगली. आठवडाभर सगळ्यांनी सगळे वापरले. शनिवारी मालकांनी कपाट उघडले आणि त्यांचा चेहरा पडला. मोज्यांना तेल, चष्म्यांवर ओरखडे आणि जाळीला चक्क एक पोचा.

"अरे, हे काय करून ठेवलंय? उद्या साहेब तपासणीला आले तर दाखवायचं काय?"

"वापरलं, मालक."

"वापरलं ते दिसतंय! सांभाळलं का?"

प्रश्न बिनतोड होता. पुन्हा नवे सामान आले आणि सोबत साडेनऊने स्वहस्ते लिहिलेली नियमावली आली. सदर साधने सकाळी सही करून घ्यावीत व संध्याकाळी जशीच्या तशी परत करावीत. कामगार हुशार. ते सकाळी मोजे घेत, यंत्रापासून लांब, स्वच्छ फडक्यावर ठेवत आणि संध्याकाळी झटकून परत देत. पुढे साडेनऊनेच त्यात सुधारणा केली. साधने बाहेर काढायचीच नाहीत, काचेतून बघून सही करायची. काचेला हात लावायचा नाही, डाग पडतात.

एकदा मागच्या खोलीत चिंध्यांच्या ढिगाने पेट घेतला. साडेनऊने डोके शांत ठेवून आधी कपाट बाहेर काढले. चौघांनी कपाट उचलले, पाचव्याने लाल नळकांडे तान्ह्या बाळासारखे कडेवर घेतले. उरलेल्यांनी पिण्याच्या पाण्याचे पिंप ओतून आग विझवली. त्यात एकाच्या भुवया जळाल्या. साडेनऊने नोंदवहीत लिहिले: साधनांची हानी, निरंक.

घरी हे सगळे ऐकून बायकोने चहाचा कप हातातच धरून ठेवला.

"आणि जाळी? ती तरी लावता ना?"

"एकच तर आहे. लावली की पोचे येतात तिला."

"आणि बोटं काय झाडाला येतात?" तिचे डोळे भरून आले. "उद्या ती जाळी बाहेर काढायची. माझी शपथ आहे तुम्हाला."

साडेनऊने शपथ घेतली, आणि अगदी मनापासून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खरोखरच जाळी बाहेर काढली. तेवढ्यात सुरक्षा खात्याचे साहेब आले. साहेबांनी प्रेसकडे पाठ करून कपाटाची बारकाईने तपासणी केली.

"वा! अकरा महिने झाले आणि एक ओरखडा नाही. असं सामान आमच्या खात्यातसुद्धा नाही हो!"

कारखान्याला जागच्या जागी उत्कृष्ट सुरक्षा सन्मान जाहीर झाला. साहेबांनी सोबत आणलेले सन्मानचिन्ह रेशमी फितीसकट मालकांच्या हाती दिले. मग साडेनऊला प्रेसपाशी उभे करून फोटो काढायची वेळ आली.

"जाळी लावली की यांचा चेहरा दिसत नाही," फोटोवाला म्हणाला.

"पण जाळी तर दिसलीच पाहिजे," मालक म्हणाले.

तोडगा साहेबांनी काढला. डाव्या हातात जाळी उंच धरावी, उजव्या हाताने काम चालू ठेवावे. "पाय पेडलवर असू द्या, म्हणजे खरं वाटेल. हं, इकडे बघा. हसा."

साडेनऊ इकडे बघून हसला. ठोकळा खाली आला आणि त्याच बोटाचे उरलेले अर्धेही गेले.

एकच धावपळ उडाली. मलमपट्टीच्या पेटीचे सील तोडायला कुणी धजावेना, म्हणून सन्मानचिन्हाची फीत सोडून हाताला बांधली. जाळी मात्र साडेनऊने खाली पडू दिली नव्हती. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"कमाल आहे! एक पोचा नाही."

नोंदवहीत पुन्हा लिहिले गेले: साधनांची हानी, निरंक.

संध्याकाळी बायको म्हणाली, "दाखवा." त्याने रेशमी फीत बांधलेला हात पुढे केला. तिने मोजले, पुन्हा मोजले आणि ती मटकन खाली बसली.

"जाळी काढली होती गं," तो म्हणाला. "माझ्या हातातच होती."

ती बराच वेळ रडली, मग उठून तिने स्वतःच्या हाताने कप त्याच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात सगळे त्याला नऊ म्हणू लागले. अपूर्णांक गेल्यामुळे हाक मारायला सोपे झाले.

तो फोटो मालकांच्या खुर्चीमागे लावलाय. तुम्हाला हसू येत असेल तर खुशाल हसा. फक्त खाली उतराल तेव्हा गाडीच्या आरशाला अडकवलेले आपले हेल्मेट एकदा बघून घ्या. नवेकोरे, एक ओरखडा नाही. ते तिथेच राहू द्या. आणि घरातून कोणी हाक मारलीच, तर नेहमीचेच सांगा: अगं, कोपऱ्यापर्यंतच तर जातोय.