खारोबाच्या ओलेत्या हरिणी

एका जंगलात खारोबा नावाचा चित्रकार राहत असे. जातीची खारच ती, त्यामुळे कुंचला विकत घ्यावा लागत नसे. स्वतःची शेपटी पाण्यात बुडवली, रंगात टेकवली, की काम सुरू.

तो जलरंगात फक्त हरिणी रंगवी. तळ्यातून नुकत्याच वर आलेल्या, मान वेळावणाऱ्या, पाठीवरून पाणी निथळणाऱ्या. अंग जिथे उजळ दिसायला हवं, तिथे तो कागद नुसता कोरा सोडी. हरिणी आपली चित्रं बघून लाजत आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर जरा लवकर येत.

त्या जंगलात एक संस्कृतिरक्षक समितीही होती. मुलांनो, जंगल म्हटलं की ती असायचीच. तिचे अध्यक्ष साळिंदरबुवा. चित्र सभ्य की असभ्य, हे ठरवायची त्यांची पद्धत सोपी होती. चित्रासमोर बसायचं. अंगावरचे काटे उभे राहिले, की चित्र असभ्य.

खारोबाच्या हरिणीसमोर बुवा बसले मात्र, काटे ताडकन उभे!

"हिच्या अंगावर कपडे नाहीत!" बुवा गरजले.

"बुवा, जंगलात कोणाच्याच अंगावर नाहीत," खारोबा म्हणाला. "तुमच्यासुद्धा."

"आमचं चित्र काढलंय का कोणी?"

हा मुद्दा सिंहमहाराजांना पटला. हरिणीला लुगडं नेसवा, नाहीतर शेपटी छाटू, असा त्यांनी हुकूम काढला.

शेपटीवाचून खार कशीबशी जगेल, पण चित्रकार मेलाच. खारोबाने घाईघाईने लुगडं रंगवलं. पण जलरंगच तो, खालचं काही झाकेना. लुगडं ओलं होऊन हरिणीच्या अंगाला चिकटल्यासारखं दिसू लागलं. बुवांचे काटे आणखी ताठ झाले.

"अजून झाका!"

मग खारोबाने सगळ्या चित्रावर धुकं पसरलं. हरिणीचा एक खूर तेवढा बाहेर राहिला. बुवा त्या खुराकडे जेवणाची वेळ टळली तरी बघतच बसले. शेवटी काटे असे थरारले, की त्यातला एक गळून शेजारी बसलेल्या महाराजांच्या पंजात रुतला.

"छाटा ती शेपटी!" महाराज कळवळून ओरडले.

खेकडा नांगी परजत पुढे सरसावला. खारोबाला रडूच फुटलं. त्याने शेपटी पोटाशी धरली.

"थांबा!" कोणीतरी किंचाळलं. बघतात तो, बुवा! "शेपटी छाटलीत, तर समितीने तपासायचं काय?"

सगळ्या सभासदांनी गंभीरपणे माना डोलावल्या. खेकडा मागे सरला.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी खारोबा एक चित्र काढतो. समिती ते निरखून तपासते, असभ्य ठरवते आणि जप्त करते. जप्त चित्रं पुरावा म्हणून बुवांच्या बिळात राहतात. बिचाऱ्या हरिणींना ती बघायला मिळत नाहीत, याचं खारोबाला फार वाईट वाटतं. पण शेपटी शाबूत आहे.

तात्पर्य: मुलांनो, कलावंताने रसिकांच्या भरवशावर राहू नये. रसिक एकदा बघून घरी जातो. ज्याच्या भावना दुखावतात, तो पुन्हा पुन्हा येतो.