सामंतकाकांनी तपासलेला फ्रान्स

सामंतकाका तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तर ते नमस्कार करणार नाहीत, घर छान आहे असंही म्हणणार नाहीत. आधी ते तुमच्या जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतील. आमच्या गृहप्रवेशाला गुरुजी मंत्र म्हणत होते, मी नव्या साडीत घामाघूम झाले होते, आणि मागून खडखड आवाज आला. मग काकांचा खर्ज: "हे कोणी पास केलं?" कठडा नवाकोरा होता. त्या दिवसापासून तो हलतो, आणि हलतो तो काकांमुळेच, हे माझं आजही ठाम मत आहे.

इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली नावाच्या उपनगरात, आमच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर. मुंबईत त्यांनी रस्ते बांधले, आणि इथे आल्यावर एका कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पायवाटा, छोटे पूल आणि बाक तपासायचं काम केलं. रिटायर झाले तेव्हा काम सुटलं, तपासणी सुटली नाही. जवळच्या क्रीकच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने त्यांच्याबरोबर वॉकला जाणं म्हणजे शिक्षा आहे. आपण कोवळ्या उन्हाबद्दल काहीतरी बोलावं, तर हे गुडघ्यावर बसून लाकडी पुलाखाली डोकावताहेत! एकदा एक फळी सैल सापडली म्हणून त्यांनी तिथूनच कौन्सिलला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "नो वरीज, मेट." काका भडकले. "वरी करायचा पगार घेतोस आणि मलाच नो वरीज?" मी दोन पावलं बाजूला सरकून या गृहस्थांना ओळखत नसल्यासारखी उभी राहिले.

आता शैलाकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा राग तिथून सुरू होतो. काकू दादरच्या एका शाळेत फ्रेंच शिकवायच्या. मुलं ते मार्कांसाठी घ्यायची आणि बोर्डाचा पेपर संपला की विसरायची. काकू मात्र विसरल्या नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यात लोट नावाच्या नदीचं खोरं होतं. चुनखडीचे उंच कडे, कड्यावर वसलेली जुनी गावं, दगडी पूल, आणि काठाकाठाने जाणारी, कड्यात कोरलेली एक वाट. त्या वाटेवरून पूर्वी माणसं दोरांनी होड्या ओढून न्यायची. हा धडा काकूंनी वर्षानुवर्षं शिकवला आणि फ्रान्स एकदाही पाहिला नाही. रिटायर झाल्यावर ती वाट चालायची असं त्यांनी ठरवलं. नेमका तेव्हाच खुबा गेला.

ऑपरेशन केलं तर चालता येईल, असं डॉक्टर स्वच्छ सांगत होते. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा काकूंनीच ती रद्द केली. वर म्हणायच्या, "आता कुठे जायचंय मला चालत? नको ती चिरफाड." मग एक दिवस त्यांनीच फर्मान काढलं. "अहो, तुम्ही जाऊन या. माझ्या जागी वर्षाला न्या. मी तुमच्याकडून ऐकेन, मला तेवढं पुरे." वर्षा म्हणजे मी. मुलगी सिडनीहून त्यांच्याजवळ राहायला आली. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला बाजूला घेतलं. "हा माणूस काही बघणार नाही गं. तू नीट बघ आणि मला सगळं सांग." मी शब्द दिला.

आणि फ्रान्समध्ये पहिल्याच सकाळी काका खाली वाकून खडी तपासायला लागले.

वाट सुंदर होती हो! एका हाताला हिरवट नदी, दुसऱ्या हाताला पांढरे कडे, मध्ये अक्रोडाची झाडं, पलीकडे द्राक्षांचे मळे. झाडांवर, दगडांवर वाट दाखवणारे लाल-पांढरे पट्टे. काकांना दिसलं काय? "सुटी खडी. पाय सटकणार. हे कोणी पास केलं?" ती कड्यात कोरलेली वाट आली. काकूंचा धडा माझ्या पायाखाली होता! काका म्हणाले, "एकीकडे नदी, कठड्याचा पत्ता नाही. वरून डोक्याला लागेल असा खडक. आमच्या क्रीकवर असं केलं असतं तर माझी नोकरी गेली असती." मी म्हटलं, "काका, ही कित्येक वर्षांपूर्वीची वाट आहे." "मग तेवढ्या वर्षांत एक कठडा बसवता आला नाही?"

पुलावर गेलो, तर उतार फार. गावात शिरलो, तर गोटे घालून केलेला रस्ता. बाक दिसला की ते त्याच्यावर बसत, उठत, परत बसत आणि म्हणत, "फार खाली आहे." एक फोटो काढला नाही या माणसाने. मी काढायला लागले की म्हणत, "चल, चल, पायऱ्या किती उंच आहेत ते बघू."

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. एका खेड्यात लहानसं, गार प्रार्थनाघर होतं. काकांनी सवयीने दारात बूट काढले. तेही साधे सरळ नाहीत. देवळाबाहेर चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून आपल्याकडे काही लोक एक इकडे आणि एक तिकडे ठेवतात ना, तसा एक बूट दाराशी आणि दुसरा पार पलीकडे कुंडीमागे. त्या अख्ख्या गावात रस्त्यावर दिसत होतो फक्त आम्ही दोघं आणि एक मांजर. चोरणार कोण, मांजर? आम्ही बाहेर आलो तर कुंडीमागचा बूट गायब. शेजारच्या आजीबाईंनी खुणांनी सांगितलं, की कोणा वाटसरूचा एकच बूट पडलेला दिसला म्हणून त्यांनी तो काळजीने गावाच्या कचेरीत नेऊन दिला. आणि कचेरी जेवणासाठी बंद झाली होती.

कचेरीसमोर चौकात आम्ही बसून राहिलो. काकांच्या एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. "भरदिवसा सबंध गाव बंद! हे कोणी पास केलं?" मी म्हटलं, "देवळातली युक्ती इथे तुम्हीच पास केलीत." त्यांनी काकूंना फोन लावला.

तो फोन मी शेजारी बसून ऐकला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे ती बाई दिवसभर या फोनची वाट बघत बसलेली असणार. आणि हा माणूस सांगतोय काय? "नाही गं, काही नाही बघण्यासारखं. दगड आहेत आणि पाणी आहे. नदी? नदीसारखी नदी. गाव बंद. बाक खाली. कठडे नाहीत. तुझा तो धडा लिहिणारा इथे आलाच नसणार." पलीकडून काकूंचा आवाज बारीक झाला. "असं होय," एवढंच त्या म्हणाल्या. मी फोन हिसकावून घेणार होते, तेवढ्यात कचेरी उघडली आणि काका एका बुटाने लंगडत आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही कड्यावरच्या गावात चढून गेलो. सगळ्या खोऱ्यात याहून देखणी जागा नाही, असं तिथले लोक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. चर्चच्या बाजूला एक सपाट जागा आहे. तिथून एकदम खाली नदी दिसते, सगळं खोरं कवेत घेऊन वळणारी, काठाला शेतं, शेतांत कौलारू घरं. मी वळून बघितलं तर सामंतकाका नदीकडे पाठ करून बसलेले! हाताने बाक चाचपताहेत.

माझा बांध फुटला. "काका, पुरे झालं! काकूंनी आयुष्यभर ज्याची स्वप्नं बघितली, ते तुमच्या पाठीमागे आहे. मान वळवायला काय होतं तुम्हाला? आणि रोज फोनवर त्यांच्यापुढे याला नावं ठेवता! जरा तरी लाज वाटू दे!"

वडीलधाऱ्या माणसाशी असं बोलायला नको होतं, पण बोलले.

काका बाकावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "गाडी चर्चच्या मागपर्यंत येते. मी बघून आलो. तिथून इथे फरशी सपाट आहे. काठी घेऊन येईल ती. हा बाक उंच आहे, तिला उठता येईल. खालच्या वाटेवर सुरुवातीचा तुकडा जमेल, कड्यातला भाग नाही जमणार. तिथे मी हात धरला तरी नाही."

मी विचारलं, "मग फोनवर तसं का नाही सांगत?"

"तू ओळखत नाहीस तिला. ऐकण्यावर समाधान मानणारी बाई आहे ती. जन्मभर तेच केलंय. मी म्हटलं असतं ना, शैला, फार सुंदर आहे, तर ती म्हणाली असती, झालं, पोचलं मला. आणि ऑपरेशनचं नाव कायमचं गेलं असतं."

"बरं, ते ठीक. पण तुम्ही तरी बघा ना. एवढे आलात."

"नको," काका म्हणाले. "मी तिच्याबरोबर बघणार."

आणि खरंच नाही बघितलं. माझ्या पुढून, मान खाली घालून, पायऱ्या तपासत उतरले.

ग्लेन वेव्हर्लीला परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. पाय उशीवर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. काका आत चहा टाकत होते. काकूंनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्यांचं सोड. तू खरं सांग. कसं आहे गं?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. नदीचा रंग, कड्यातली वाट, वरून दिसणारं ते वळण. शब्द दिला होता मी. पण मी त्यांच्या डोळ्यांकडे न बघता म्हटलं, "काही विशेष नाही हो काकू. दगड आहेत. बाक फार खाली आहेत."

काकूंनी माझा हात सोडला. क्षणभर मला वाटलं, रडणार. पण त्या संतापल्या. इतकं संतापलेलं मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. "दोघांना मेलं बघताच येत नाही! इतकी वर्षं मी मुलांना काय खोटं शिकवलं? एवढ्या लांब जाऊन बाक मोजून आलात! मलाच जायला हवं. अहो! ऐकलंत का? त्या हॉस्पिटलचा नंबर काय?"

आतून लगेच उत्तर आलं. काकांनी सगळे आकडे एका दमात, न अडखळता सांगितले. मी दारातून पाहिलं, तर त्यांच्या एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्यात चमचा, आणि समोर कागद नाही, फोन नाही, नुसती कोरी भिंत होती.