कायदेदर्शक चक्र आणि सरकीचे दुकान

कायदा मोडायला कुणाची मदत लागत नाही. पाळायला मात्र यंत्र लागते, हे सर्व सुधारलेल्या लोकांनी मान्य केले आहे. नांदुरा गावाने ते जरा आधीच मान्य केले. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, शेर जाऊन किलो आला होता, आणि नवे नियम निघतच होते. सरकी-ढेपेचे दुकानदार उकंडराव यांना परवाना जाण्याच्या धास्तीने घास गोड लागेना. अशा वेळी मुंबईच्या एका कंपनीचा विक्रेता देवासारखा धावून आला (देव जाताना सही घेत नाही, एवढाच फरक).

त्याने पितळी कायदेदर्शक चक्र आणले. वरच्या खाचेत मालाचे नाव आणायचे, मूठ फिरवायची, की खालच्या खाचेत नियम हजर! वकिलाची मिनतवारी नको. कंपनीच्या पाहणीत शंभरापैकी नव्व्याण्णव दुकानदार समाधानी होते (शंभरावा भेटायला तयार नव्हता).

चक्रात साबण होता, अत्तर होते, सरकी नव्हती. मुंबईत सरकी खातो कोण? "जवळची वस्तू धरा," विक्रेता म्हणाला. उकंडरावांनी डोके चालवले. सरकीने म्हैस दूध जास्त देते, म्हणजे ती ताकदीची वस्तू, म्हणजे औषध. मूठ फिरवली. नियम आला : डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये.

सकाळी निवृत्ती पोते घेऊन आला.

"भाऊ, म्हशीले सरकी पाह्यजे."

"डाक्तरची चिठ्ठी आणली काय?"

"म्हैस बिमार नाई हो, भुकी हाये!"

"मंग तर मुळीच देता येत नाई."

निवृत्ती समोरच्या शेषरावांच्या दुकानात गेला. तिथे चक्र नव्हते, सरकी होती. हळूहळू सगळेच तिकडे गेले. उकंडरावांना त्याचे काही वाटले नाही. उलट, दुकान उघडे असले की गुन्हा घडण्याचा संभव राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी कुलूप लावले.

"दुकान काऊन उघडत नाई हो?" त्यांच्या पत्नी पुष्पाबाई कडाडल्या. "सरकीले उंदीर खाऊन राह्यले!"

"कायदा पाळून राह्यलो," उकंडराव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पोटभर जेवण केले.

कंपनीने खूश होऊन प्रशस्तिपत्र धाडले : 'सदर दुकानात एकही गुन्हा घडलेला नाही.' ते त्यांनी कुलपाच्या वर टांगले. पुढे सरकारी तपासनीस आले. त्यांनी ते वाचले, मान डोलावली, आणि न कळवता दुकान बंद ठेवल्याबद्दल परवाना रद्द केला. उकंडरावांनी घाईघाईने चक्राची मूठ फिरवून पाहिली. बंद दुकानाचा नियम चक्रात नव्हता. चक्र चालत्या दुकानांसाठी होते.

नांदुरा पोट धरधरून हसला. शेषराव सगळ्यात जास्त हसले.

मग विक्रेता पुन्हा आला. त्याने बाजारपेठेला ते कुलूप दाखवले आणि गंभीरपणे म्हणाला, "जुने चक्र वापरले की असे होते." नवे चक्र सगळ्यात आधी शेषरावांनी घेतले.

आता नव्या चक्रात सरकी होती की नाही, हे तुम्हाला विचारावेसे वाटत असेल. विक्रेत्याच्या अनुभवाप्रमाणे, एवढे विचारणारा माणूस चक्र घेतल्याशिवाय राहत नाही. सही इथे करा.