सगळे 'एस'मध्ये

आमच्या नोएडाच्या ऑफिसात सगळ्या जगाचं नाव 'एस'पासून सुरू व्हायचं. त्याला कारण एकटे सबनीसकाका.

सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते आमच्या कंपनीत कारभार बघायला आले होते. नवे कॉम्प्युटर आले, तशी खन्नासाहेबांनी ईमेलसाठी सगळ्या ऑफिसची मिळून पत्त्यांची एकच यादी करायला सांगितली. काम आम्हा दोघांवर पडलं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून चार्टर्ड बसनं पोचेपर्यंतच माझा जीव अर्धा झालेला असायचा. म्हटलं, भरू देत काकांना.

काकांनी भरली. प्रत्येक नावाआधी इंग्रजी अक्षरांत 'श्री' नाहीतर 'सौ'. म्हणजे दोन्हीकडून एसच. बाकीची अक्षरं ओस पडली.

"सबनीसजी, ये सब एस में क्यों घुसे हैं, यार?" खन्नासाहेब वैतागले.

काका माझ्याकडे वळले. "माणसाचा मान ठेवावा, वैद्यबाई. नुसतं नाव घ्यायला मी काय यांचा मामा आहे?"

मलाही त्यांनी 'सौ' करून टाकलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं. विचारलं तर म्हणाले, "होईल की!"

शेवटी एकेक 'श्री' खोडत मीच बसले. मान मोडून आली. आणि 'सी'खाली एकच नाव सापडलं: चि. निखिल.

"काका, हे कुठलं गिऱ्हाईक?"

"माझा मुलगा. शिकागोला असतो." आवाज एकदम खाली आला. "लग्न परस्पर केलं म्हणून मी वाटेल ते बोललो. आता माझ्या मेलला उत्तर देत नाही. ऑफिसचं पत्र गेलं, तर देईल कदाचित."

नाव काढायला हवं होतं. माझ्याच्यानं काढवलं नाही.

दिवाळीला कंपनीच्या शुभेच्छा यादीतल्या सगळ्यांना गेल्या. तेव्हापासून काका सारखे माझ्या खुर्चीमागे. "आलं काही?"

एका दुपारी आलं. इंग्रजीत एकच ओळ: प्लीज, या यादीतून माझं नाव काढा. खाली निखिल सबनीस.

मला भडभडून आलं. कॉम्प्युटरचा पडदा झाकावा तर काका मागेच उभे. त्यांनी ओळीवर बोट ठेवून ती वाचली, पुन्हा वाचली.

"'प्लीज' लिहिलंय, वैद्यबाई. मान ठेवलाय पोरानं."

मी नाव खोडायला घेतलं. त्यांनी हळूच माझा हात थांबवला.

"नाव काढा. बिल्कुल काढा. 'चि.' तेवढं राहू द्या."