पाठमोरे अण्णाजी

अण्णाजी कंपाउंडरांकडे कुणी मनातलं सांगायला गेलं, की ते आधी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ करून बसत.

कामरगावच्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि अण्णाजी माझे शेजारी. ओळख करून घ्यावी म्हणून गेलो. बोलता बोलता ‘इथे अजून करमत नाही हो’ एवढंच म्हणालो, तर गृहस्थाने गर्रकन पाठ फिरवली. काहीतरी चुकलं असं वाटून मी उठणार, तोच पाठीकडून आवाज आला, “हूं. मंग?”

या ‘हूं, मंग?’वर त्यांचा सगळा दवाखाना चालायचा. पहिल्या महायुद्धात ते इराकातल्या बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात होते. तिथे अंगावर ओरखडाही नसलेले शिपाई थरथर कापत पडलेले असत. एक गोरा डॉक्टर त्यांच्या उशाशी, त्यांना दिसणार नाही असा बसे आणि त्यांना नुसतं बोलतं करी. “अन् बोलता बोलता मानूस जेवाले लागे, मास्तर! पुडी नाई, सुई नाई!” अण्णाजी सांगत. लढाईतून लोक घड्याळं घेऊन आले, अण्णाजी ही विद्या घेऊन आले.

गावाला ती पचायला वेळ लागला. चांदभाई शिंपी ठणकती दाढ घेऊन आले, तर अण्णाजींनी त्यांना लहानपणी कोणाला भीत होता ते विचारलं. चांदभाई बिचारे आपल्या अब्बांपर्यंत पोचले, पण मग कळ सोसेना, म्हणून मुकाट्याने उठून दाढ उपटायला न्हाव्याकडे गेले. मी डोकावलो तेव्हा त्यांच्या जागी एक बकरी उभी राहून अण्णाजींच्या उपरण्याचं टोक चघळत होती आणि अण्णाजी डोळे मिटून म्हणत होते, “हूं. मंग?”

“अण्णाजी, बकरी आहे!”

“असू द्या,” ते वळून तिच्याकडे बघत म्हणाले. “तिलेई काई सांगाचं असंन.”

हिरासांचं दुखणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हिरासा म्हणजे गावातले कापड दुकानदार. घरचं चांगलं, तब्येत ठणठणीत. पण एकदा कारंज्याहून येताना गाडीत त्यांची छाती धडधडली, घाम फुटला, आणि तेव्हापासून गावाची शीव ओलांडायची म्हटलं की मरण समोर दिसे. डॉक्टर म्हणाले, काळीज उत्तम आहे. दर्ग्यातला ताईत झाला, मंदिरातला नवस झाला. अशात मुलीचं, पद्माचं, लग्न ठरलं, तेही वरपक्षाच्या हट्टाने कारंज्याला. पद्मानं सांगून टाकलं, “बाबा येत नसन तं मी बोहल्यावर चढत नाई.”

हिरासा अण्णाजींच्या पाठीमागे येऊन बसले. पहिले काही दिवस ते फक्त कापडाबद्दल बोलले. मग एका दुपारी म्हणाले, “भाऊ गेला, अन् मी रडलोच नाई. दुकान होतं.” त्या दिवशी अण्णाजी ‘मंग?’ म्हणाले नाहीत.

नंतर त्यांनी समजावलं, “डोक्यात एक चौकीदार हाय, हिरासा. बोंबलनं हे त्याचं कामच. एकदा त्यानं वाघ पाह्यला, आता मांजर गेलं तरी ‘वाघ, वाघ’ करते. त्याले शिव्या देल्ल्या तं अजून बोंबलते. ‘पाह्यलं रे बाबा’ म्हना अन् तिथंच उभे राहा. थकून गुमान बसते तो.”

“अन् खरंच वाघ असला तं?”

“मी हाव ना पुढं. मले खाईन, तुमी पळा.”

रोज संध्याकाळी दोघं शिवेकडे फिरायला जाऊ लागले. कधी विहिरीपर्यंत, कधी थोडं पुढे. गाव ओट्यावर बसून तमाशा बघे.

लग्नाला निघालो तेव्हा हिरासांच्या बैलांच्या दमणीत अण्णाजी आणि मी. शीव ओलांडली, नाला आला आणि हिरासांनी माझा दंड आवळला. “गाडी पलटवा! मेलो!”

अण्णाजींनी उडी मारून बैलांची वेसण धरली. “पलटवाची नाई. येऊ द्या त्या वाघाले. किती येते ते पाहू.”

मागच्या गाड्या थांबल्या. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, मुक्काम आला. ते उतरले आणि जोरात वाजवायला लागले.

“घाम सुटला!” हिरासा ओरडले.

“हूं. मंग?”

“हात बधिर झाले!”

“हूं. मंग?”

“मंग, मंग काय लावलं? मानूस मरून राह्यला इथं, अन् तुमचं मंग!” हिरासा इतके भडकले, की मरायचं राहूनच गेलं. श्वास हळूहळू खाली बसला. कपाळ पुसत, जरा ओशाळून त्यांनी विचारलं, “चिवडा कोनत्या गाडीत हाय?”

लग्न थाटात लागलं. पाठवणीच्या वेळी हिरासा ढसाढसा रडले. त्यातलं थोडं भावासाठीचं असावं.

पंगत उठल्यावर अण्णाजी मांडवामागे एकटे दिसले. म्हणाले, “मास्तर, जरा संगं येता?”

दोन गल्ल्या पार करून ते एका घरासमोर थबकले. “माही पोरगी राह्यते इथं.”

त्यांना मुलगी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तिथेच उभ्याने त्यांनी सांगितलं, ते बसऱ्याला असताना बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली. शेवटपर्यंत आईजवळ ही एवढीशी पोर एकटी होती. पुढे मामानं वाढवलं, मामानंच इथे लग्न लावलं.

“परतलो तेव्हा तिनं इचारलं, ‘आता कायले आले?’ मी तसाच माघारी फिरलो. औषधं घ्याले इकडं येतो, अन् या कोपऱ्यावरून वापस जातो.”

मी पुढे होऊन कडी वाजवली.

पिठाचे हात तसेच घेऊन एक बाई बाहेर आली. बापाला पाहून उंबऱ्यातच थांबली.

“लगनाले आलतो,” अण्णाजी पुटपुटले. “म्हनलं...”

तिनं त्यांच्या पांढऱ्या झालेल्या डोक्याकडे पाहिलं, मग धुळीनं भरलेल्या पायांकडे.

“पानी आनते,” ती म्हणाली. “पाय धुवा.”

आणि दार उघडंच टाकून ती आत गेली.